साहेबांना सूट, आम्हाला नियम: या रागाचं करायचं काय?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

"मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात कारकून आहे. फी-सवलतीचे, वसतिगृहाचे, पुनर्मूल्यांकनाचे अर्ज माझ्या खिडकीवर येतात. २०२० मध्ये माझी आई करोनाने गेली. दवाखान्याच्या दारात तिची पिशवी आतल्या माणसाच्या हातात दिली, तेवढंच. भेटायला परवानगी नव्हती. मी कुणाच्या हातापाया पडले नाही, वशिला लावला नाही. नियम होता, पाळला. शेवटच्या निरोपाला आम्ही मोजकी माणसं, तीही लांब उभी. थोड्याच दिवसांनी, ज्या अधिकाऱ्याच्या सहीने आमच्याकडचे सगळे निर्बंध निघत होते, त्याच्या घरच्या समारंभाचे फोटो फोनवर आले. मास्क नाही, अंतर नाही, नुसती माणसंच माणसं.

"तेव्हा गिळलं. आता इतक्या वर्षांनी ते वर येतंय. यंदा मुदत संपल्यावर एक मुलगा वसतिगृहाचा अर्ज घेऊन आला. वडिलांना दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून उशीर झाला म्हणाला. मी सूचनाफलकाकडे बोट दाखवलं आणि परत पाठवला. दुसऱ्या दिवशी वरून फोन आला आणि तसाच मुदतीनंतरचा एक अर्ज आदल्या तारखेचा शिक्का मारून घेतला गेला. शिक्का मीच मारला. त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून मी येईल तो अर्ज घेते, तारीख बघतच नाही. आता मला मेमो मिळालाय. मुख्य लिपिकांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले, तेही त्यात आहे. नवरा म्हणतो, 'चालायचंच, तू कशाला डोक्याला ताप करून घेतेस.' सिग्नल लाल असला तरी हल्ली मनात येतं, मीच का थांबायचं? सांगा, नियम पाळून मी मूर्ख ठरले का? काहीही करून आईला बघून यायला हवं होतं का? आणि या मेमोला उत्तर काय देऊ?"

— खिडकीमागची

ताई,

पत्रात प्रश्न तीन आहेत. त्यातला मेमोचा सर्वांत सोपा, म्हणून तो शेवटी घेते. आईचा आधी.

तुम्ही मूर्ख ठरला नाहीत. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. ते फोटो यायच्या आधी तुम्हाला कुणी विचारलं असतं, की आत का गेली नाहीस, तर तुम्ही काय सांगितलं असतंत? आत आणखी आजारी माणसं आहेत. माझ्या येण्याजाण्यातून घरी कुणाला तरी लागण होईल. पिशवी घेणाऱ्या त्या माणसाच्याही घरी कुणी वाट बघतंय. फोटो आल्यावर ही कारणं खोटी झाली का? तुम्ही थांबलात ते या लोकांसाठी, त्यांना तुमचं नावही माहीत नाही. त्या साहेबांचा यात काडीचाही संबंध नव्हता. त्यांच्या समारंभावरून तुमच्या त्या दिवसाची किंमत ठरवायची म्हणजे त्यांना नको तितका मान देणं झालं.

अर्थात, तेव्हाचे सगळे नियम बरोबरच होते असं मी म्हणणार नाही. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ, सगळी काळजी घेऊन, घरचं एक माणूस सोडता आलं नसतं का, हा प्रश्न जगभर विचारला गेला. डॉक्टरांनी विचारला, परिचारिकांनीही विचारला. तुम्हीही विचारा. फक्त तो ज्यांनी नियम केला त्यांना विचारा. तुम्ही सध्या तो रात्री स्वतःला विचारताय, आरोपीही तुम्हीच आणि न्यायाधीशही तुम्हीच. त्या खटल्याचा निकाल कधीच लागत नाही.

आता राग. तो चुकीचा नाही, पण तो नेमका कशाचा आहे ते बघायला हवं. त्यासाठी जरा लांबचं उदाहरण घेते, कारण जवळचं उदाहरण घेतलं की माणूस पक्ष आणि जात बघायला लागतो.

लंडनमध्ये थेम्स नदीच्या काठी, संसदेच्या अगदी समोरच्या तीरावर एक लांबलचक भिंत आहे. २०२१ च्या मार्चअखेरीस करोनात गेलेल्यांच्या घरच्यांनी आणि स्वयंसेवकांनी तिच्यावर हाताने लाल हृदयं रंगवायला सुरुवात केली, एका माणसामागे एक. ती दीड लाखावर गेली. भिंतीच्या मागे सेंट थॉमस रुग्णालय. याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात २०२० च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन स्वतः करोनाने दाखल होते. म्हणजे हा आजार काय करतो हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी त्यानंतर दीड महिनाही झाला नव्हता, २० मे रोजी त्यांच्या निवासस्थानाच्या बागेत 'आपापली दारू घेऊन या' असं निमंत्रण कर्मचाऱ्यांना गेलं, आणि तेही तिथे चक्कर मारून आले. १९ जूनला मंत्रिमंडळाच्या खोलीत त्यांचा वाढदिवस झाला. लोकांना त्या वेळी घराबाहेरच्या माणसाला घरात बोलवायचीही चोरी होती. पुढे पोलिसांनी सरकारी कार्यालयांतल्या अशा प्रकारांबद्दल ८३ जणांना मिळून १२६ दंड केले. वाढदिवसासाठी जॉन्सन यांनाही झाला. पदावर असताना कायदा मोडल्याचं सिद्ध झालेले ते पहिले ब्रिटिश पंतप्रधान.

तेव्हा पुष्कळ लोक म्हणाले, यांना आजाराची भीती नव्हतीच, आम्हाला मात्र घाबरवून घरात बसवलं. मला हे पटत नाही. अतिदक्षता विभागातून आलेल्या माणसाला भीती नव्हती म्हणणं जरा जास्तच होतं. जॉन्सन यांनी संसदेत बागेतल्या कार्यक्रमाबद्दल जे सांगितलं ते मला जास्त बोलकं वाटतं. ते म्हणाले, मला तो कामाचाच भाग वाटला. लोक यावर चिडले, पण आतून बघणाऱ्याला ते खरंच तसं दिसत असणार. दिवसभर ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसतो त्यांच्यासोबतच संध्याकाळी बागेत उभं राहिलो, त्यात एवढं काय?

त्यांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज यांचं प्रकरण याहून बघण्यासारखं आहे. मार्च २०२० मध्ये, घराबाहेर पडू नका असा हुकूम निघालेला असताना, ते बायको-मुलाला घेऊन गाडीने लंडनहून सुमारे चारशे किलोमीटरवर डरहॅमला आईवडिलांच्या शेतावर गेले. बायको आजारी, आपणही आडवे पडलो तर चार वर्षांच्या मुलाला कोण बघणार, हे कारण. तिथे असताना एक दिवस बायको-मुलासह बर्नार्ड कॅसल या गावापर्यंत फेरी मारून आले. का, तर आजारातून उठल्यावर नजर नीट झालीय का, लंडनपर्यंत गाडी हाकता येईल का, ते बघायला. डोळे तपासायला गाडी चालवायची, तीही पोराला मागे बसवून! २५ मे रोजी पंतप्रधान निवासाच्या बागेत टेबल मांडून त्यांनी हे सगळं पत्रकारांना सांगितलं. केल्याचा पश्चात्ताप नाही, असंही सांगितलं. पद तेव्हा शाबूत राहिलं.

नजरेच्या चाचणीवर जग हसलं. ते हसू बाजूला ठेवा आणि पहिलं कारण पुन्हा वाचा. आजारी बायको, लहान मूल, सांभाळायला कुणी नाही. हे कारण खोटं आहे का? अजिबात नाही. चांगलं चारचौघांसारखं, खरंखुरं कारण आहे. आणि लोक पेटले ते त्यामुळेच. कारण हेच कारण त्या देशात घरोघरी होतं. घरोघरी लोकांनी स्वतःला विचारलं होतं, एवढ्यापुरतं चालेल का? आणि स्वतःच उत्तर दिलं होतं, नाही चालणार.

तुमच्या रागाचं मूळ मला इथे दिसतं. नियम करणाऱ्याला स्वतःची कारणं बारीकसारीक तपशिलासह माहीत असतात. इतरांची माहीत नसतात. इतर त्याला दिसतात ते गर्दी म्हणून, आकडा म्हणून, अर्जदार म्हणून. त्यामुळे नियम गर्दीसाठी आणि अपवाद आपल्यापुरता, हे त्याला वेगळं ठरवावं लागत नाही, आपसूक सुचतं. तुमच्या त्या साहेबांकडेही कारण असणारच: तारीख आधीच ठरली होती, म्हातारे वडील हट्टाला पेटले होते, पाहुणे येऊन बसले होते. आणि तुमच्याकडे आई होती. ते कुणी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत, कारण सांगायला खिडकीच नव्हती. साहेबांचं कारण ऐकायला मात्र साहेब स्वतः बसले होते. अर्ज करणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच.

त्यामुळे 'त्यांनी नियम मोडला' हे माझ्या लेखी अर्धंच आहे. माणसं नियम मोडतात. तुमच्या शेजारपाजारच्यांनीही तेव्हा काहीबाही मोडलं असेल आणि तुम्हाला त्याची आज आठवणही नसेल. त्या साहेबांचं विसरता येत नाही, कारण तुमचं दार बंद करणारा हात तोच होता.

पकडलं गेल्यावर मोठी माणसं काय करतात यानेही हा राग वाढतो किंवा निवतो. स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी कॅथरिन काल्डरवुड यांचा चेहरा 'घरीच राहा' सांगणाऱ्या सरकारी जाहिरातींत होता. त्या लागोपाठ दोन आठवडाअखेरींना आपल्या दुसऱ्या घरी गेल्या, फोटो छापून आला, ५ एप्रिल २०२० रोजी त्यांनी राजीनामा दिला. न्यूझीलंडचे आरोग्यमंत्री डेव्हिड क्लार्क कुटुंबाला घेऊन वीस किलोमीटरवरच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले होते. त्यांनी ते स्वतः पंतप्रधानांना सांगितलं. त्यांना मंत्रिमंडळात शेवटच्या क्रमांकावर ढकललं गेलं, आणि जुलैत त्यांनी पद सोडलं. याच्या अगदी उलट कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताचे अर्थमंत्री रॉड फिलिप्स. ते २०२० च्या डिसेंबरात सुट्टीसाठी कॅरिबियन बेटावर होते आणि नाताळच्या आदल्या दिवशी त्यांचा घरच्या शेकोटीजवळचा, आधीच चित्रित करून ठेवलेला, शुभेच्छांचा व्हिडिओ लोकांपुढे आला. वर्ष संपायच्या आत पद गेलं. (एवढी तयारी करायला वेळ मिळतो, म्हणजे आपण काय करतोय ते पक्कं माहीत असतं. इथे मात्र 'आपसूक सुचतं' वगैरे माझं म्हणणं मी लावणार नाही.)

मला सर्वांत पटलेलं प्रकरण नॉर्वेचं. पंतप्रधान एर्ना सोलबर्ग यांच्या साठाव्या वाढदिवसाला कुटुंबातली तेरा माणसं जमली, मर्यादा दहाची होती. एप्रिल २०२१ मध्ये पोलिसांनी त्यांना २० हजार क्रोनर दंड केला. पोलिसांचं म्हणणं असं, की एरवी अशा बहुतेक प्रकरणांत आम्ही दंड केला नसता, पण निर्बंध आणण्यात पंतप्रधान सर्वांत पुढे होत्या. सोलबर्ग यांनी जाहीर माफी मागितली. बघा, तीन माणसं जास्त, एवढीच चूक. पण जो नियम सांगतो त्याला कमी नाही, जास्त मोजायचं, हे तिथल्या पोलिसांनी स्वतःच्या पंतप्रधानांना करून दाखवलं.

हे आपल्याला अगदीच परकं आहे असं समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यात २१०-ब हे कलम आलं. ज्यांच्याकडे हा कायदा राबवण्याचा अधिकार आहे त्यांनीच तो मोडला तर त्या गुन्ह्याचा दंड दुप्पट. कलम पुस्तकात असणं आणि रस्त्यावर दिसणं यातलं अंतर मी तुम्हाला सांगायला नको. तरी कल्पना मान्य झालेली आहे, आणि ती मागायची असेल तर पाय रोवायला जागा आहे.

साहेबाने नियम मोडल्याने लोक बिथरतात हेही नुसतं आपल्याला वाटतं असं नाही. कमिंग्ज प्रकरणानंतर ऑगस्ट २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला, सुमारे ४० हजार माणसांच्या उत्तरांवर आधारलेला. बातमी फुटल्यावर इंग्लंडमधल्या लोकांचा आपल्या सरकारवरचा विश्वास घसरला. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, जिथे लोकांना त्यांच्या त्यांच्या सरकारबद्दल विचारलं होतं, तशी घसरण दिसली नाही. तेव्हा 'मी एकटीच का एवढी जळते' असं वाटून घेऊ नका.

इथपर्यंत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. आता खिडकीवर येऊ. तिथे माझं तुमच्याशी थोडं भांडण आहे.

त्या मुलाला तुम्ही परत पाठवलंत, त्याचा दोष मी तुम्हाला देत नाही. अपवाद करायचा अधिकार तुमच्या खिडकीला दिलेलाच नव्हता, तो फोनला होता. पण त्यानंतर तुम्ही जे सुरू केलंत, येईल तो अर्ज घ्यायचा, त्याने कुणाचं भलं झालं? वसतिगृहातल्या जागा मोजक्या. कुणी अर्धा दिवस कामावर खाडा करून, रात्रीच्या गाडीने येऊन, दाखल्यांसाठी चार कचेऱ्या फिरून मुदतीत अर्ज दिलेला असतो. त्याच्या जागेत आता वाटेकरी आले. शिवाय छाननीत हे उशिराचे अर्ज बाद झाले तर ती मुलं तुमच्याकडेच येणार, 'मॅडमनी घेतला होता की' म्हणत. आणि सर्वांत वाईट म्हणजे, तो फोनवाला अर्ज आता त्या ढिगात लपला. आधी तो एकटा उठून दिसत होता, आता मुदतीनंतरचे अर्ज घेण्याची पद्धतच पडली म्हणायला ते मोकळे. साहेबांवर चिडून तुम्ही साहेबांचीच सोय करून ठेवलीत.

सिग्नलचंही तेच. तिथे थांबा. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने तुमचं काय वाकडं केलंय?

मग करायचं काय? पहिलं, आवक नोंदवही. तुमच्याकडे ती एकच गोष्ट आहे, पण भक्कम आहे. जो अर्ज ज्या दिवशी येईल त्या दिवशीचीच तारीख, त्याच दिवसाचा शिक्का, क्रमाने आवक क्रमांक. मध्ये ओळ सोडायची नाही. उशिरा आलेला अर्ज घ्यायला सांगितला तर जरूर घ्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहा: 'मुदतीनंतर प्राप्त. अमुक यांच्या तोंडी सूचनेनुसार स्वीकारला.' आवाज चढवायचा नाही, तोंड वाकडं करायचं नाही. फोन आला तर एवढंच म्हणा, 'हो सर, घेते. फक्त तेवढं लेखी पाठवा, नाहीतर मी टिपणी ठेवते, त्यावर सही करा.' पुष्कळ फोन या वाक्याला थंड होतात.

हे तुमच्या मनाचं किंवा माझ्या मनाचं नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत लिहिलेलं आहे, की वरिष्ठाचा आदेश सहसा लेखी असावा, तोंडी दिला तर त्याने लगेच लेखी कायम करावा, आणि ज्याला तोंडी मिळाला त्याने लवकरात लवकर लेखी मागून घ्यावा. मागणं ही त्याची जबाबदारीच आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सनदी अधिकाऱ्यांना तोंडी आदेशांवर काम करू नका, मिळाले तर नोंदवून ठेवा, असं बजावलं. तुमचं महाविद्यालय सरकारी नसेल तर हे जसंच्या तसं लागू होणार नाही. पण 'लेखी द्या' म्हणणं कुठल्याच कचेरीत उद्धटपणा ठरत नाही.

दुसरं, तो आदल्या तारखेचा शिक्का. ताई, पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंय, पण माझ्या दृष्टीने तुमच्यावरची खरी टांगती तलवार तीच आहे. उशिराचा अर्ज घेणं ही शिस्तीची बाब, खोटी तारीख टाकणं ही त्यापुढची. उद्या प्रकरण उघडलं तर शिक्क्याखाली सही तुमची, फोन करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. त्या नोंदीत आता खाडाखोड करायला जाऊ नका, त्याने आणखी बिघडेल. फोन कधी आला, कुणाचा, काय शब्द होते, शेजारी कोण बसलं होतं, हे आठवेल तसं आजच कागदावर उतरवून ठेवा. मग मेमोच्या उत्तरात हे घालायचं की स्वतंत्र पत्राने कळवायचं, ते कर्मचारी संघटनेतल्या जाणत्या माणसाला किंवा वकिलाला विचारून ठरवा. लपवायचं नाही, पण एकटीने घाईने सांगायचंही नाही.

तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मुदतीला अपवाद लागतो, हे तुम्हालाही मान्य आहे. त्या मुलाचं कारण खरं होतं. मग तो अपवाद फोनमधून काढून फलकावर आणा. प्राचार्यांकडे टिपणी ठेवा: मुदतीनंतर इतक्या दिवसांपर्यंत, आजारपण किंवा तसंच कारण आणि त्याचा कागद जोडल्यास, विलंब माफीचा अर्ज घेता येईल, निर्णय समिती घेईल, मिळालेल्या आणि नाकारलेल्या अर्जांची यादी कारणासह लावली जाईल. न्यायालयांत उशीर झालेल्या अपिलाला विलंब माफी मागता येते, तर वसतिगृहाच्या अर्जाला का नको?

सूट देणं वाईट नाही. २०१७ च्या १ मे पासून आपल्याकडे मंत्र्यांच्या, अगदी राष्ट्रपती-पंतप्रधानांच्याही गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, पण रुग्णवाहिकेचा, अग्निशमन बंबाचा दिवा राहिला. त्यावर कुणी कुरकुर केली नाही. बंब कामाला निघालाय हे सगळ्यांना दिसतं, आणि आग आपल्या घराला लागली तर तोच बंब आपल्यासाठीही सिग्नल तोडणार हेही कळतं. सूट कामाला असेल आणि कुणालाही मागता येत असेल तर लोक निमूट बाजूला होतात. तुमची टिपणी मंजूर होईल का? कदाचित पहिल्या वर्षी कपाटात पडून राहील. तरी ठेवा. फोन करणाऱ्याला पुढच्या वेळी 'सर, विलंब माफीचा अर्ज करायला सांगा ना' म्हणता येईल, एवढा उपयोग तर आहेच.

तो मुलगा सापडत असेल तर त्याला बोलावून घ्या. उशिराने का होईना, त्याचं कारण त्याच्याच हस्ताक्षरात, दवाखान्याचा कागद जोडून, आजच्या तारखेने आवकमध्ये घ्या आणि वर पाठवा. जागा मिळेलच असं त्याला सांगू नका.

यजमानांचं 'चालायचंच' मनावर घेऊ नका आणि त्यावरून घरात भांडूही नका. ते बहुतेक तुमची झोप वाचवायला बघतायत.

त्या जुन्या साहेबांचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. त्या समारंभाबद्दल काही कारवाई झाली का, हे माहितीच्या अधिकारात अर्ज करून विचारता येईल. विचारायचं तर तुमची तयारी बघून विचारा. उत्तर 'माहिती उपलब्ध नाही' असं येण्याची शक्यता बरीच आहे आणि ते वाचायची ताकद त्या दिवशी हवी. त्यांना माफ करा असं मी सांगणार नाही. तशी त्यांनी मागितल्याचंही तुमच्या पत्रात दिसत नाही.

आता मेमो. उत्तर पानभराच्या आत बसवा. मुख्य लिपिकांना सगळ्यांसमोर बोललात, त्याबद्दल दिलगिरी पहिल्याच परिच्छेदात आणि बिनशर्त. फोन त्यांनी केला नव्हता, ते तुमच्याइतकेच मधले. दुसऱ्या परिच्छेदात मुदतीनंतर घेतलेल्या अर्जांची यादी जोडल्याचं लिहा, प्रत्येकापुढे खरी तारीख. तिसऱ्यात, यापुढे अशा अर्जांबाबत लेखी सूचना मिळाव्यात अशी विनंती. आईचा उल्लेख त्यात नको. तो कागद नस्तीला लागणार आणि कुणीही चाळणार, तिथे तिचं काम नाही. फोटोंचाही नको. तारीख टाका, दोन प्रती काढा, एकीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या, तो स्वतःच्या वहीत न टिपता दुसऱ्या टेबलावरून घ्या. आणि मुदतीच्या आत द्या. उशीर झाला तर तुमच्यासाठी वरून कुणाचा फोन यायचा नाही.